मधल्या स्टेशनावरचा डबा

गेल्या हिवाळ्यातल्या बहुतेक दुपारी मी अर्जेंटिनात होते. म्हणजे बसलेली असायचे इंदिरा नगरातल्या आमच्या गच्चीवरच, पाठीला ऊन लावून, पुढ्यात मटारची परात घेऊन. पण मटार सोलता सोलता डोळा लागायचा आणि बस सुरू व्हायची. दुमजली बस, वरच्या मजल्यावरची अगदी पुढची दोन आसनं, समोर भलीमोठी काच. बाहेर झाड नाही, घर नाही, नुसती पिवळ्या गवताची सपाटी आणि तिच्यावरून पळणारा वारा. खालच्या गल्लीतून ‘आलू ले लो, गोभी ले लो’ अशी हाक यायची, तीही त्या सपाटीवरूनच आल्यासारखी वाटायची.

ही बस माझ्या डोक्यात घातली ती आमच्या ह्यांनी. हे रेल्वेतले. चौतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं करत बसले. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी सकाळचा चहा सहा अठ्ठावीसला लागतो. साडेसहाला दिला तर ‘दोन मिनिटं लेट’ असं कपाला सांगतात, मला नाही. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बदलीने लखनौला आलो, दुसरीकडे गेलो, पुन्हा इथेच आलो आणि शेवटी इथेच घर केलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या मार्गी लावणाऱ्या ह्या माणसाने हौसेचा प्रवास म्हणून कधी केला नाही. नैनिताल इथून एका रात्रीवर. मी दर उन्हाळ्यात विषय काढायचे आणि दर उन्हाळ्यात ह्यांच्या जादा गाड्या निघायच्या.

अशा माणसाने एका सकाळी, मी पोळ्या लाटत असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, “अर्जेंटिनाच्या दक्षिणेला बर्फाची नदी आहे. हळूहळू पुढे सरकते म्हणे. बघून यावी म्हणतो.”

“जायचं कसं?” मी विचारलं.

“राजधानीपर्यंत विमान. मग बस. छत्तीस तास, समुद्राच्या कडेकडेने सरळ खाली.”

माझं लाटणं थांबलं. बर्फाच्या नदीमुळे नाही. त्या छत्तीस तासांच्या रस्त्यावर, एकोणीस तासांवर, एक गाव आहे आणि त्या गावात आमची मुलगी राहते. चार वर्षं हे तिच्याशी बोललेले नव्हते.

एकुलती एक मुलगी. इंजिनीअर झाली, गोमती नगरात चांगल्या सरकारी नोकरीला लागली. ती सोडून पवनचक्क्यांवर काम करायला इतक्या लांब गेली, तेवढं ह्यांनी गिळलं. पण एक दिवस तिने फोनवर सांगितलं की तिथल्याच एका माणसाशी मी लग्न केलंय, मागच्या शुक्रवारी, कचेरीत सही करून. ह्यांना त्या माणसाचं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ह्यांना लागला तो शुक्रवार. ‘आधी सांगितलं असतंस तर आम्ही काय नाही म्हणणार होतो?’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “आता इकडे येऊ नकोस. आणि मीही तुझ्या घरी येणार नाही.” पोरगी बापावर गेलेली. दोघांनीही शब्द पाळला. रविवारी दुपारी तिचा फोन मला यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची, आणि तो चालू असेपर्यंत हे गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचे. एकाच तुळशीला तीन तीनदा. माझ्या दोन तुळशी त्या पाण्याने कुजल्या.

तर त्या सकाळी गावाचं नाव ह्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. “पोळी करपतेय,” असं म्हणून ते निघून गेले. ती करपलेली पोळी मी माझ्या पानात वाढून घेतली आणि चवीने खाल्ली.

पुढच्या आठवड्यात आम्ही मेट्रोने हजरतगंजला गेलो. तिथल्या एका दुकानात ह्यांनी त्या देशाचा नकाशा मोठा करून, चार तुकड्यांत छापून घेतला. दुकानदाराने कागद वरखाली करून पाहिले. म्हणाला, “अंकलजी, इसमें तो कुछ है ही नहीं. पूरा ख़ाली है.”

“है भैया,” हे म्हणाले, “बीच में एक जगह है.”

मी शेजारी उभी होते. मी रस्त्याकडे बघत राहिले, कारण त्या क्षणी ह्यांच्याकडे बघितलं असतं तर सगळा बेत मोडला असता. ह्यांचं असंच आहे. लाजाळूच्या झाडासारखं, बोट लावायची सोय नाही.

घरी येऊन ते चार तुकडे चिकटवले. मग एक जुनं जाड रजिस्टर निघालं. त्यात पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले: स्टेशन, आगमन, प्रस्थान. बसच्या थांब्यालाही हे स्टेशनच म्हणत. वेळापत्रक कसं वाचायचं हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पहिल्या स्टेशनाला आगमन नसतं, शेवटच्या स्टेशनाला प्रस्थान नसतं, मधल्या प्रत्येकाला दोन्ही लागतात. इतर नवऱ्यांनी नव्या नवरीला काय काय सांगितलं असेल. मला हे सांगितलं गेलं आणि मी ते फार मन लावून ऐकलं होतं.

मग सुरू झाल्या त्या दुपारी. हे टॅबलेटवर वाचायचे आणि मी ऐकत ऐकत निघून जायचे. बुएनोस आयरेस. बाहिया ब्लांका. व्हिएद्मा. नावं हळू उच्चारली की अंगाईसारखी लागतात. तिथल्या बसमध्ये आसनाचे प्रकार असतात, एक अर्धवट मागे जाणारं आणि एक जवळजवळ पलंगच. जेवण बसमध्येच ट्रेमध्ये देतात. दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात. लोक गरम पाण्याचा थर्मास बगलेत घेऊन चढतात आणि रस्ताभर कसल्याशा पाल्याचा कडू काढा नळीने ओढत बसतात. हे ऐकून मी आमचाही थर्मास जाताना न्यायचा ठरवला. त्यात आल्याचा चहा. समोरच्या काचेतून ती सपाटी येत राहील, आम्ही चहा पिऊ आणि कुणी कुणाशी काही बोलणार नाही. तेवढंच कितीतरी वेळा बघितलं मी, डोळे मिटून.

ह्यांचं मात्र स्वप्न वगैरे नव्हतं, काम होतं. एक दिवस चष्मा काढून म्हणाले, “अगं, तिकिटावर फलाट लिहिलेला नाही. ‘सतरा ते सदतीसच्या दरम्यान’ असं लिहितात. दरम्यान! ऐन वेळी पाटीवर बघायचं आणि पळायचं.”

“पळू की.”

“तुझे गुडघे आणि दोन बॅगा घेऊन वीस फलाट?” दोन दिवस त्यांना त्या ‘दरम्यान’ने जेवण गेलं नाही. शेवटी रजिस्टरात ‘फलाट-शोध: ४० मिनिटं’ अशी वेगळी ओळ घातली तेव्हा शांत झाले. मग धुक्याची सोय. लखनौचा माणूस जानेवारीत कुठल्याही गाडीच्या वेळेत चार तास धुक्याचे धरतो, तसे ह्यांनी तिकडेही धरले. मी म्हटलं, तिकडे आत्ता उन्हाळा आहे. तर म्हणाले, “असू दे. कसलं तरी असेलच.”

आता डब्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्हा लांब राहणाऱ्या रेल्वेच्या लोकांत प्रवास ठरवताना आधी गाडी बघत नाहीत, माणसं बघतात. वाटेत कोण कोण राहतं? झाशीला अमक्याची बहीण, इटारसीला तमक्याचा मेहुणा. त्यांना कळवायचं: अमुक गाडी, अमुक डबा, इतक्या वाजता. ते माणूस घरचा जेवणाचा डबा घेऊन फलाटावर हजर. गाडी दहा मिनिटं थांबते. खिडकीतून डबा आत, आधीचा रिकामा डबा बाहेर, पोरांचे गाल ओढून होतात, शिट्टी होते. आमची निम्मी नाती अशी दहा दहा मिनिटांत निभावलेली आहेत. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमानच होता.

माझ्या सासूबाई नागपूरला यायच्या. हे कामासाठी वरचेवर चेन्नईला जायचे, गाडी नागपूरवरून जायची. गावाहून सकाळची एसटी धरून त्या माउली स्टेशनात येऊन बसायच्या. डब्यात पोळ्या, पुडाच्या वड्या, तळलेल्या मिरच्या. हे दारात उभे राहून डबा घ्यायचे आणि तब्येतीचं विचारायचे. एकदा त्यांनी विचारलं, “आज उतरतोस का रे?” हे म्हणाले, “येताना उतरतो, आई.” येताना कामच असं निघालं की दुसऱ्या मार्गाने परतावं लागलं. बारा दिवसांनी गावाहून फोन आला. तो डबा आमच्याकडेच राहिला. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आहे, मी त्यात काही भरत नाही. ह्या विषयावर हे आजवर एक अक्षर बोललेले नाहीत, आणि मीही कधी विचारलेलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी रजिस्टर पुरं झालं. मी चष्मा लावून वाचलं. बुएनोस आयरेस, प्रस्थान दुपारी एक दहा. मग खाली खाली येत, तिच्या गावासमोर: आगमन सकाळी आठ दहा, प्रस्थान आठ पस्तीस. मग पुढे बर्फाच्या नदीकडे.

“पंचवीस मिनिटांचा थांबा आहे,” हे नकाशाकडे बघत म्हणाले. “ड्रायव्हर बदलत असतील, नाश्ता वगैरे. कुणाला भेटायला यायचं असेल तर येता येईल. स्टेशन म्हणजे काही कुणाचं घर नाही.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. चार वर्षांपूर्वीचा शब्दही मोडायचा नव्हता आणि पोरीला बघायचंही होतं, त्यातून ह्या बाबाने ही पंचवीस मिनिटं शोधून काढली होती. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून जायचं, पंचवीस मिनिटं फलाटावर उभं राहायचं आणि पुढे जायचं. त्या दुपारी मला जे स्वप्न पडलं त्यात बस थांबली होती, बाहेर वारा सुटला होता आणि त्या वाऱ्यात सासूबाई डबा घेऊन उभ्या होत्या, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट धरून. मी काचेवर हात आपटत होते. त्या हसून खालूनच विचारत होत्या, उतरता का. जागी झाले तेव्हा मटाराच्या शेंगा परातीबाहेर सांडल्या होत्या.

हे म्हणाले, “तिला लिही.” आणि मजकूर सांगायला लागले, कार्यालयात सांगायचे तसा. “आई आणि बाबा सदर बसने प्रवास करीत आहेत. तुमच्या स्टेशनावर आगमन आठ दहा, प्रस्थान आठ पस्तीस. सोयीचे असल्यास भेटावे.”

“तुमच्या?” मी विचारलं.

“बरं, तुझ्या.”

मी लिहिलं आणि पाठवलं. रविवारी फोन यायच्या आधीच तिचा आवाजातला निरोप आला. माझ्या फोनवर आला, पण सुरुवात ‘आई’ अशी नव्हती. लहानपणापासून आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, तसंच ती बोलत होती.

“बाबा, वो बस यहाँ पच्चीस मिनट नहीं रुकती. खाना तो अंदर ही देते हैं, और ड्राइवर भी कहीं और बदलता है. यहाँ बस लोग उतरते-चढ़ते हैं. पाँच मिनट, बहुत हुआ तो सात. आपने पच्चीस कहाँ से निकाला?” मग थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. “कोई बात नहीं. मैं स्टैंड पर आ जाऊँगी, आठ बजे से पहले. डब्बा लाऊँ?”

ह्यांच्या हातात झारी होती. झारीतलं पाणी संपलं होतं तरी ती वाकडी तशीच धरलेली होती. चार वर्षांनी ‘बाबा’ ऐकत होते. त्यांनी निरोप पुन्हा लावायला सांगितला, मी लावला. मग म्हणाले, “संकेतस्थळावर फक्त पोचायची वेळ असते. थांबा मीच धरला. एवढा लांबचा मार्ग, मधलं मोठं स्टेशन, पंचवीस मिनिटं असायलाच हवीत.” चौतीस वर्षं ज्याने गाड्यांना थांबे दिले त्याने तिकडच्या बसलाही एक देऊन टाकला होता.

“मग पाच मिनिटांत बसवू,” ते म्हणाले. “तू दारापाशी आधीच येऊन उभी राहा. मी बॅगा बघतो. डबा घ्यायला एक मिनिट...”

तिथे माझा तोल गेला. मी चिडले की हळू बोलते, ते जास्त वाईट असतं असं हे म्हणतात. मी म्हटलं, “मी दारात उभी राहून पोरीचा डबा घेणार नाही. तोंड बघू का डबा घेऊ, पाच मिनिटांत? तुम्हाला जायचं तर जा तुमच्या बर्फाच्या नदीला. तुमची आई नागपूरच्या फलाटावर विचारत होती, उतरतोस का. तुम्ही येताना म्हणालात. ही पण डबा आणू का विचारतेय. हिलाही येताना सांगा.”

बोलून तर गेले. ते वाक्य मी एवढी वर्षं तोंडात धरून होते आणि ते काही असं बाहेर काढायचं नव्हतं. ह्यांनी झारी जागेवर ठेवली आणि खाली गेले.

नंतरचे तीन दिवस धुकं. समोरचं घर दिसत नव्हतं, ई-रिक्षांचे नुसते भोंगे यायचे. गच्ची ओली, मटार स्वयंपाकघरात. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोनदा ‘चहा घेता का?’ विचारून परत आले. दोन्ही वेळा त्यांनी चहा घेतला. मला फार वाईट वाटत होतं, आणि राग गेला होता असंही नव्हतं. बस कुठेच दिसेना. डोळे मिटले तरी धुकंच. एका सकाळी चहा पावणेसातला झाला, तरी कपाला कुणी काही बोललं नाही.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऊन आलं. मी परात घेऊन वर गेले तर हे आधीच चटईवर बसलेले, मांडीवर रजिस्टर, बाजूला खोडरबराचा भुगा. आणि भुग्याशेजारी वरच्या फळीवरचा तो डबा. घासून पुसून लख्ख केलेला.

“बघून दे एकदा,” म्हणून त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

मी बोट ठेवून वाचत गेले. बुएनोस आयरेस, प्रस्थान एक दहा. बाहिया ब्लांका, दोन्ही वेळा. व्हिएद्मा, दोन्ही वेळा. मग तिचं गाव, पहिल्यांदाच नावानिशी, सुवाच्य अक्षरात. आगमन आठ दहा. पुढचा रकाना कोरा. त्याच्या खाली काही नव्हतं. बर्फाची नदी खोडलेली होती, पानावर तिचा करडा डाग तेवढा राहिला होता.

“अहो,” मी म्हटलं, “इथे प्रस्थान घातलं नाहीत.”

“हं.” ते डब्याचं झाकण लावून बघत होते. ते जरा घट्ट बसतं. “तिला निरोप पाठव. म्हणावं, डबा आणू नकोस. घरीच जेवू.”

मी फोन शोधायला उठले. चटई झटकली, परात उचलून बघितली, कुंड्यांच्या मागे बघितलं. फोन माझ्या हातातच होता.